पिंजारणीच्या रुईच्या चिमण्या

मला मदत केली ती समोरच्या पिंजारणीनं. हे आधीच लिहून टाकते. कारण पुढं जे लिहायचं आहे त्यात मी तिच्याविषयी मनात काय काय आणलं तेही येणार, आणि वाचणाऱ्याला मध्येच वाटायचं की बाई खरंच तशी असेल. ती तशी नव्हती. नाव लिहीत नाही. अख्खी गल्ली तिला चाची म्हणायची, मीही चाचीच म्हणत असे.

मी नगरकडची. मुलींच्या शाळेत तिसरं पुस्तक हातात आलं आणि लग्न ठरलं, तेव्हा शाळा तिथंच राहिली. शिंप्याची मुलगी, शिंप्याच्या घरी दिली. त्या सुमारास बातमी येत होती की समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात लढाई लागली आहे, तिथला कापूस बंद झाला आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. कापूस भरायचा तर बारदान लागतं, आणि बारदान शिवायला हात लागतात. आम्ही दोघं गाड्यांच्या तांड्याबरोबर निघालो ते वीस-बावीस दिवसांनी अमरावतीला पोचलो. एका म्हाताऱ्या बाईच्या घरची गल्लीकडची खोली मिळाली. दोन महिने झाले नाहीत तोच बारदानाच्या मुकादमानं नवऱ्याला अकोल्याच्या बाजारात नेलं. तिथं त्या दिवसांत खोली तर सोडाच, झोपायला ओटा मिळत नव्हता, म्हणून मी मागं राहिले. नवरा गावात नाही, भाषा निराळी, पोटी मूल नाही. अशी बाई कोणत्याही गल्लीत सगळ्यांच्या नजरेत असते. मला ते पाठीवर जाणवायचं.

गावच तेव्हा संशयी झालं होतं. कापसाची गाडी आली की घेणारा आधी कोपरापर्यंत हात आत घालायचा, कारण कोणी आत ओला कापूस भरायचं, कोणी धोंडे. विकणारा नाणं दगडावर वाजवून बघायचा. मुलं गाड्यांच्या मागं धावत रस्त्यावर सांडलेली बोंडं वेचायची आणि त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या होत्या, पण असल्या बैलांच्या धन्यानंही माझ्याकडची कुंची उलटी करून आतली शिवण बघितल्याशिवाय घेतली नाही.

मी कुंच्या शिवत होते, टोपडी, दुपटी. माहेरून येताना वडिलांनी दुकानातल्या चिंध्यांचं एक गाठोडं दिलं होतं, खण, मश्रू, थोडी जर, त्यावर माझं चाललं होतं. बाजाराच्या दिवशी फडकं पसरून बसायची. जास्त खपायच्या त्या चिमण्या. पाळण्यावर टांगायच्या, पाचाची एक माळ. पोटात रुई, चोचीला लाल दोरा, डोळ्याला काळा.

पण रुई आणायची कुठून? रस्त्यावर सांडलेलं बोंड ज्या गावात कोणी सोडत नाही तिथं चिमणीच्या पोटात भरायला कोण देणार. तेव्हा चाचीनं एक दिवस टोपलीभर रुई माझ्या ओट्यावर आणून ठेवली. तिचा नवरा गाद्या-दुलयांची रुई पिंजायचा, गिऱ्हाईक ती बघायची. मी म्हटलं, किती द्यायचे? ती म्हणाली, उडालेली रुई आहे, कोपऱ्यात साचते, जमा केली नाही तर आमच्या नाकात जाते. आणि गेली. मी ती टोपली दुपारपर्यंत आत घेतली नाही. फुकट का देते ही? रुई चोरीची असेल आणि उद्या माझ्या खोलीत सापडली तर? मी मुठीनं चाचपून पाहिली, वास घेतला, उन्हात धरली. मग घेतली. नंतर दर आठवड्याला घेत गेले आणि दर वेळी तोच विचार करत गेले. तिच्या घरचं पाणी मी कधी प्याले नव्हते, रुई मात्र घेत होते.

मग एका दुपारी, गल्ली निजलेली असताना, पाटलीणबाई आल्या. चार घरं सोडून त्यांचं घर. गावाकडं मोठी शेती, कापसानं घर भरलेलं. सुनेला सातवा लागला होता. आधीची दोन लेकरं राहिली नव्हती. अशा बाळाला पहिलं झबलं पाच घरच्या तुकड्यांचं घालतात, हे आमच्याकडंही आहे. ज्या घरी लेकरं जगली-वाढली त्या घरचं, लेकरानं अंगात घातलेलं कापड मागून आणायचं आणि त्याचं झबलं शिवायचं. मागून आणलेल्या कपड्यातलं बाळ कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. आमच्याकडं ते घरची आजी मागून आणते. पाटलीणबाईंना स्वतः जायचं नव्हतं, कारण सुनेला दिवस आहेत हेच त्यांनी गल्लीत बोलू दिलं नव्हतं.

त्या म्हणाल्या, "पाच घरचं मांगून आन. कोनासाठी ते नाव काढाचं नाई. नाव काढलं त ते झबलं तुह्यापाशीच राहू दे."

मी हो म्हटलं. अशा घरचं काम पहिल्यांदाच येत होतं, आणि ते नीट झालं तर बारशाची कुंची-दुपटी माझ्याकडंच येणार हे दिसत होतं.

इथं माझं चुकलं. मागायला जीभ वळेना. वडिलांच्या दुकानात लोक कापड घेऊन यायचे, आम्ही कोणाच्या दारात कापडासाठी उभे राहिलो नव्हतो. परक्या गावात, नवरा जवळ नसताना, दारोदार हात पसरला तर लोक काय समजतील? म्हणून मी बदलीची युक्ती काढली. एक जुनं झबलं द्या, चिमण्यांची माळ घ्या. मला ते मानाचं वाटलं. घरमालकिणीच्या सुनेनं आपल्या आठ महिन्यांच्या मुलाचं विटकं झबलं दिलं आणि माळ लगेच पाळण्याला टांगली. आणखी चार घरी तसंच झालं. प्रत्येकीनं विचारलं, फाटकं कशाला हवं? मी म्हणाले, असंच, शिवायला. त्या हसल्या. आज मला कळतं की ते हसू पुरतं उमटायच्या आधीच अर्धं विरलं होतं.

पाचव्या दिवशी घरमालकिणीच्या नातवाला ताप आला. अंगावर पिईना, सारखा रडायचा. म्हातारीनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर गेले तर सुनेनं मुलाला पदराखाली घेतलं आणि पाठ केली. तिसऱ्या दिवशी बाजारात मी पसरलेल्या फडक्याजवळून लोक वळून जायला लागले. बायका आपसात बोलत ते माझ्या कानावर तुकड्यातुकड्यानं आलं. फाटक्या चिंधीच्या बदल्यात नवं खेळणं कोणी देतं का. तिला स्वतःला लेकरू नाही. लेकराच्या अंगातलं घेऊन ही करते काय.

करणी हा शब्द माझ्यासमोर कोणी उच्चारला नाही. म्हातारी एवढंच म्हणाली, "आमोशेच्या आंदर खोली खाली कर." अमावास्या चार दिवसांवर होती. अकोल्याला निरोप जाऊन माणूस परत यायला त्याहून जास्त लागायचे. आणि एकदा या गल्लीनं असं काढून दिलेल्या बाईला दुसऱ्या गल्लीत खोली कोण देणार? पाटलीणबाईंचं नाव घेतलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. दोनदा ओठांवर आलं. पण त्या सुनेचं सातव्यातलं पोट डोळ्यांपुढं यायचं, आणि माझ्या बोलण्यानं तिला काही झालं असतं तर मीच म्हटलं असतं की हो, मी केलं.

तेव्हा मी कोणावर संशय घ्यावा, तर चाचीवर. त्यालाही निमित्त झालं. त्याच दोन दिवसांत मी खिडकीतून पाहिलं, ती एकेका घरी जात होती. म्हातारीचं सोडून तीच चार घरं, जिथं मी बदली केली होती. आत जायची, थोडा वेळ बोलायची, आणि बाहेर येताना ओढणीखाली काहीतरी झाकून आणायची. मी मोजत राहिले. चारही घरं झाली. मला वाटलं, हीच लोकांचे कान भरते आहे. फुकट रुई देऊन मला अडकवलं, आता माझ्या माळा पुरावा म्हणून गोळा करते आहे. मी तिच्याशी बोलणं टाकलं. ती ओट्यावरून हाक मारायची, "काय वं बेटी, जेवली का?" मी ऐकू न आल्यासारखं करायची.

अमावास्येच्या आदल्या सकाळी म्हातारीनं पाळण्यावरची माळ तोडून आणली आणि ओट्यावर विळी घेऊन बसली. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. पाटलीणबाईही होत्या, मागं, खांबाला टेकून. म्हातारीनं एक एक चिमणी विळीवर चिरली आणि कापसाचे व्यापारी घालतात तसं बोट पोटात घातलं. पहिलीत रुई, दोन सरक्या. दुसरीत रुई. तिसरीत बोटाला काहीतरी अडकलं. ओढून काढलं तर वीतभर पिवळट, वाळलेली, वळलेली दोरी. दोऱ्यासारखी दिसायची, पण दोरा नव्हता.

म्हातारीनं ती नाकाशी नेली. "आतडं हाये हे," ती म्हणाली.

सून मुलाला घेऊन आत पळाली. बायका दोन पावलं मागं सरल्या. म्हातारी माझ्याकडं बघत होती. खांबाजवळच्या पाटलीणबाईंकडं मी एकदा बघितलं, त्यांनी मान खाली घातली. मला खरंच माहीत नव्हतं की ते काय आहे. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही, या कागदावर पहिल्यांदा लिहिते. मी समोरच्या घराकडं बोट केलं आणि म्हणाले, "रुई मी नाही आणली. रुई चाचीनं दिली. काय घातलं त्यात ते तिलाच विचारा."

समोरचं दार उघडंच होतं. तिनं ऐकलं. थोड्या वेळानं ती बाहेर आली, खांद्यावर नवऱ्याची पिंजायची कमान, पुरुषभर उंचीची. गल्ली ओलांडून आली आणि कमान ओट्याला टेकवली. माझ्याकडं बघितलं नाही. म्हातारीच्या हातातली दोरी घेतली, कमानीला ताणलेल्या तारेशी धरली आणि बोटानं ती तार छेडली. गाद्या पिंजताना अख्ख्या गल्लीत घुमतो तो आवाज.

"पाह्य," ती म्हणाली. "हे आन् हे येकच. तांत म्हनतेत याले. बकऱ्याच्या आतड्याची. पंधरा-वीस दिसांमांगं तुटली, येक तुकडा रुईत उडाला, मले घावला नाई. चार घरच्या चिमन्या टाके पक्के करतो म्हनून आनल्या आन् चाचपून पाह्यल्या. ही पाचवी राह्यली होती."

तिनं ओढणीतून माळा काढून ओट्यावर ठेवल्या. चार. एकही फाडलेली नव्हती.

दोघीतिघींनी आपापली माळ उचलून पाहिली. मग एक बाई हळूच म्हणाली, म्हणजे आमच्या दुलया पण याच तारेनं…

"समद्याईच्या," चाची म्हणाली. "तुह्या सासूच्या दुलईपासून. बिना तांतीनं रुई पिंजते का कोनी?"

आता ती माझ्याकडं वळली. मला वाटलं, आता माझी पाळी. तिनं विचारलं, "आन् तू वं. लेकराचं अंगातलं बदलीनं काहून घेतलं? मांगता नाई येत?"

मी चिरलेल्या चिमण्या गोळा करायला वाकले.

"पदर पसर," ती म्हणाली. "जिचं घेतलं तिच्यापुढं पसर. तोंड नको उघडू."

मी खोलीतून गाठोडं आणलं. घरमालकिणीची सून दारात आली होती, मुलगा खांद्यावर. मी तिचं विटकं झबलं तिच्या पायाशी ठेवलं आणि पदर पसरून उभी राहिले. तोंडानं काही म्हटलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग पदराकडं. मला दिसलं की तिला कळलं. नाव नाही कळलं, पण काय आहे ते कळलं. लेकरांचं जुनं कापड कोणी पदर पसरून मागतं ते एकाच कारणासाठी, हे त्या गल्लीतल्या दहा वर्षांच्या पोरीलाही माहीत असतं. मी बदली देऊन तेवढं एकच लपवून बसले होते.

तिनं वाकून झबलं उचललं आणि माझ्या पदरात टाकलं. "मंग आधी असं याचं ना व बाई," ती म्हणाली.

म्हातारीनं विळी मिटवली. ती म्हणाली, पदर पसरला असता तर विचारलंसुद्धा नसतं कोणी. खोलीचं पुढं ती काही बोलली नाही. पण दुपारी तिनं विहिरीवरचं माझं भांडं स्वतः भरून ठेवलं, त्यावरून मी समजले. चारपैकी तीन घरांनी त्याच दिवशी पदरात घातलं. चौथीनं दार लावलं आणि आतून आपलं कापड परत मागितलं. मी देऊन टाकलं. आठवडाभरात म्हातारीच्या नातवाला खालचे दोन दात आले, ताप गेला, आणि तो त्या चिरलेल्या चिमणीचा पंख चघळत बसायचा.

पाचवा तुकडा चाचीनं दिला. मी तिच्या दाराशी पदर घेऊन गेले, मान वर होत नव्हती. तिच्या धाकट्याचा कुर्ता होता, निळा, खांद्याला ठिगळ. तिनं तो पदरात टाकला आणि म्हणाली, "बोट लंबं हाये बाप्पा तुहं. सुई-दोऱ्यातच राहू दे ते." एवढंच. त्या गोष्टीवर ती पुन्हा कधी बोलली नाही. मीही बोलले नाही, आणि मला वाटतं माझं न बोलणं तिच्या बोलण्यापेक्षा वाईट होतं.

झबलं शिवून दिलं तेव्हा पाटलीणबाईंनी एकेक तुकडा बोटानं दाबून विचारला, हा कोणाचा, हा कोणाचा. निळ्यावर आल्या. मी खरं सांगितलं. त्यांनी निळ्यावरचं बोट उचललं, मग झबल्याची घडी घालून कमरेला खोवलं. ते लेकरू जगलं. पुढं मी अमरावती सोडेपर्यंत ते गल्लीत धावत होतं, आणि बारशाची कुंची-दुपटीही माझ्याकडंच आली.

पण त्या हिवाळ्यात चाचीच्या दारातली गिऱ्हाइकं कमी झाली. तांत सगळ्यांना ठाऊक असणार, पण कोणी कधी अशी हातात घेऊन, आतड्याची म्हणून दाखवली नव्हती. एकेक घर आपली दुलई दुसऱ्या गल्लीतल्या पिंजाऱ्याकडं पाठवायला लागलं. त्याची तार काय रेशमाची होती? पण त्यानं बोलून दाखवलं नव्हतं ना. पहिली दुलई गेली ती पाटलीणबाईंच्या घरची. मी खिडकीतून पाहिलं. त्या दिवशी जाऊन त्यांना म्हणायला हवं होतं की बाई, तुमच्या नातवाच्या छातीवर तिच्या मुलाचा कुर्ता आहे. मी गेले नाही. पुढच्या शिवणाचा विचार केला.

समोरच्या घरातून तो आवाज रोज यायचा, तो दोन दिवसांआड यायला लागला. रुईची टोपली मात्र माझ्या ओट्यावर येत राहिली, पहिल्यापेक्षा हलकी. मी आता ती लगेच आत घ्यायची. तरी आत नेल्यावर, कोणी बघत नाही असं पाहून, बोटांनी चाचपायची. सवय म्हणा. नको म्हटलं तरी बोटं आत जायचीच.

पुढं अकोल्यात आम्हाला जागा मिळाली. मी निघाले तेव्हा चाची ओट्यावर बसली होती. तिनं विचारलं, तिकडं रुई कोण देणार? मी म्हटलं, मिळेल. ती हसली, आणि गाडी हलली.

आता मी अकोल्यात आहे. माझं स्वतःचं दुकान म्हणावं असा एक ओटा आहे, कुंच्या-दुपटी टांगलेल्या असतात, चिमण्याही असतात. रुई विकत घेते आणि अजून चाचपूनच भरते. आता आगगाडी झाली आहे, बडनेऱ्याला उतरलं की अमरावती जवळच, त्यामुळं न जाण्याला मला आता काही सबब राहिलेली नाही. ती आहे असं तिकडून येणाऱ्या एका गाडीवानानं सांगितलं. म्हातारी झाली आहे, नवऱ्याची कमान मुलगा चालवतो, गिऱ्हाईक जेमतेम.

मी जाणार आहे. तिच्या नातवंडासाठी दुपटं शिवून ठेवलं आहे, पण ते दिलं म्हणजे फिटलं असं मी समजत नाही. त्या ओट्यावर, जिथं म्हातारी विळी घेऊन बसली होती तिथं उभी राहून, जेवढ्या बायका असतील तेवढ्यांना मी सांगणार आहे की मी हिच्याकडं बोट केलं होतं, आणि हिनं माझी खोली वाचवली, त्यात हिचं गिऱ्हाईक गेलं. माझ्या घरच्या दोन दुलया सोबत नेईन आणि सगळ्यांदेखत तिच्या दारात टाकीन, तिच्याच तांतीनं पिंजायला. मग तिच्यापुढं पदर पसरून पाणी मागेन. हे माझ्या हातून एक दिवस होईल, आणि त्या दिवशी गाडीत बसताना मी पुन्हा काही चाचपून बघणार नाही.